सोळा पानांचं पुस्तक

“हे बघा, पान नऊ,” म्हणून मी पुस्तक इंदुबाईंच्या पुढ्यात धरलं आणि लगेच जीभ चावली. त्यांच्या उजव्या हाताला मनगटाच्या वरपर्यंत पांढरं बँडेज होतं. त्यांनी डावा हात पुढे केला, पुस्तक घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

“वाचा ना,” मी म्हटलं. “लाल चौकटीत आहे बघा.”

त्या वाचत होत्या. शेजारी त्यांचे यजमान, सर्जेराव थोरवत, खांबाला टेकून उभे होते आणि माझ्याकडं ओशाळल्यासारखं बघत होते. गोठ्यात दोन म्हशी होत्या. त्यांच्या पलीकडं आमच्या कंपनीचं हिरवं, चारा कापायचं कडबा कुट्टी मशीन गोणपाटानं झाकून ठेवलं होतं, घरात कुणी गेल्यावर आरसा झाकतात ना, तसं.

मला तेव्हा सव्विसावं चालू होतं. कुपवाडला शेतीची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. नाव सांगत नाही, नाव घ्यावं अशी तिची लायकी नाही. तिथं मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. जोडायचं कसं, चालवायचं कसं, बिघडलं तर काय करायचं. लोक विचारायचे, हे कसलं काम? मी म्हणायची, तुमच्या मिक्सरच्या खोक्यातून जे निघतं आणि तुम्ही न वाचता माळ्यावर टाकता ना, ते लिहिणारी बाई मी. हसण्यावारी न्यायची, पण आतून मला त्या कामाचा भारी गर्व होता. त्यात कडबा कुट्टीचं पुस्तक तर माझं लाडकं. त्यासाठी मी महिनाभर खेडोपाडी गोठ्यांत उभी राहिले होते, बायका कडबा कसा लावतात, हात कुठवर जातो, ते बघत.

आणि त्या पुस्तकाच्या पान नऊवर मी स्वतः लिहिलं होतं: चारा अडकल्यास, एक, आधी मोटर बंद करा. दोन, प्लग काढा. तीन, चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा. चार, मगच अडकलेला चारा हाताने मोकळा करा. खाली लाल चौकट: चालू मशीनमध्ये हात घालू नका.

एवढं लिहूनही इंदुबाईंनी हात घातला होता. दोन बोटं गेली होती. वर त्या म्हणत होत्या, पुस्तकात लिहिलं होतं तसंच केलं! मशीन सरकारी अनुदानातून दिलेलं, त्यामुळं जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात चौकशी लागली होती. पुस्तकात सूचना आहे, असा जबाब मी सोमवारीच सही करून दिला होता. खरं सांगते, मला त्या बाईची कीव येत होती आणि रागही येत होता. आपण जीव तोडून लिहायचं, यांनी वाचायचं नाही, आणि वर खापर आपल्या माथी.

माझ्या पर्समध्ये आमच्या विभागाच्या उपळेकर सरांनी पुस्तकाच्या प्रतीबरोबर दिलेला एक टाइप केलेला कागद होता. ‘मला यंत्रासोबत पुस्तिका मिळाली होती. मी ती वाचली नव्हती.’ खाली सहीची जागा.

“काय आहे इंदुबाई,” मी शक्य तेवढं गोड बोलले, “चूक कुणाचीही होते. तुम्ही पुस्तक वाचलं नव्हतं एवढं लिहून द्या, म्हणजे चौकशी मिटेल. दवाखान्याचं सगळं कंपनी बघणार आहे.”

“द्या इकडं,” सर्जेराव पुढे झाले. “करतीया सही. कर गं. तुला कुणी सांगितलं हुतं मशीनला हात लावायला? सगळं गाव हसायलंय.”

इंदुबाई जागच्या हलल्या नाहीत. पुस्तक त्यांनी मिटलं आणि मला परत दिलं.

“ह्ये माझं पुस्तक न्हवं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“माझ्या पुस्तकात ह्ये न्हाई.”

“गप की!” सर्जेराव खेकसले. “म्याडमनी सोता लिवलंय त्ये. त्यास्नी ठावं असंल का तुला?”

“मी वाचलंय,” इंदुबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. “पाडव्याला मशीन आलं. आमी मशीनची पूजा केली, तशी पुस्तकाची बी केली. मशीनसंगं आलेलं त्ये. आन मग रोज वाचलं. आत्याबायस्नी, म्हंजी सासूस्नी, दिसत न्हाई, त्यास्नी मी पोथी वाचून दावते. पोथी झाली की म्हणायच्या, आता तुझी मशीनची पोथी वाच. आमी हसायचो. सातवी झालीया माझी, ताई. मला वाचाया येतंय.”

त्या उठून आत गेल्या. देव्हाऱ्याशी वाकल्या आणि एक पुस्तक घेऊन आल्या. तेच हिरवं मुखपृष्ठ, तेच मशीनचं चित्र. वर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, कुंकू सुकून कागदात मुरलेलं. मी हातात घेतलं तेव्हाच ते हलकं लागलं. पान नऊ उघडलं.

‘चारा अडकल्यास अडकलेला चारा हाताने मोकळा करा.’

बस्स. एवढंच. पहिले तीन मुद्दे नाहीत. ‘मगच’ नाही. लाल चौकट नाही. पुढचं वाक्य थेट पात्यांना धार लावण्याबद्दल.

मी ते वाक्य चार वेळा वाचलं असेल.

“चाक थांबलं हुतं,” इंदुबाई सांगत होत्या. “मोटर नुसती घुंऽऽ करत हुती. पुस्तकात म्हटलंय तसं हातानं वडलं. वडलं आन चाक फिरलं.”

मी शेवटचं पान काढलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: ‘लेखन: हेमांगी वाटवे.’

“ताई, तुमीच का त्या?” इंदुबाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

“तरीच. मी यास्नी म्हटलं, कुणीतरी बाईनंच लिवलं असणार. कडबा लावताना पदर खोचा, बांगड्या मागं सारा, असं कुठला बाप्या लिवतोय?”

त्या ओठातल्या ओठात हसल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “इंदुबाई, हे पुस्तक मला द्याल? छापखान्याची काहीतरी मोठी चूक झालीय. मी आमच्या सरांना दाखवते. ते बघतील.”

“यकच हाय ओ ताई त्ये.”

“परत आणून देते. माझ्यावर विश्वास ठेवा.”

त्यांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा देव्हाऱ्याकडं, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. देताना कपाळाला लावून दिलं. मी कागदावरची सही न घेताच एसटी गाठली. परतीच्या वाटेवर डोक्यात एकच: सरांना कधी सांगते.

उपळेकर सर म्हणजे काय होते ते सांगायला हवं. पॉलिटेक्निकला मला ड्रॉइंग शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर ते कंपनीत पुस्तकांचा विभाग सांभाळायला आले आणि मला बोलावून घेतलं. लिहायचं कसं ते त्यांनीच शिकवलं. म्हणायचे, “हेमांगी, आपला वाचक घाईत असतो, त्याचे हात तेलकट असतात आणि तो एकटा असतो. त्याच्या शेजारी उभं राहून लिही.” माझं लग्न मोडलं तेव्हा घरचे तोंड लपवत होते आणि हा माणूस रोज दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या ताटात टाकत होता. वडिलांना जे सांगितलं नाही ते मी सरांना सांगितलेलं आहे.

म्हणून त्या संध्याकाळी मी बसमधून उतरले ती घरी न जाता थेट ऑफिसात. सर टेबल आवरत होते. मी पुस्तक पुढे टाकलं आणि धडाधड सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा लावला, पान नऊ बघितलं, कुंकवाच्या डागावरून बोट फिरवलं.

“घोर प्रकार आहे,” ते म्हणाले. “ठेव इथं. सकाळी प्रेसवाल्याला बोलावून घेतो.”

“उद्या अकराला चौकशी आहे, सर.”

“म्हणून तर. तू दमली आहेस, घरी जा. आणि कुणाजवळ बोलू नकोस, उगाच गवगवा नको.”

मी घरी गेले. हलकं वाटत होतं हो! सरांच्या कानावर घातलं की गोष्ट मार्गी लागली, अशी माझी इतक्या वर्षांची सवय. गाढ झोपले, हे सांगायला आजही लाज वाटते.

सकाळी नऊला मी त्यांच्या टेबलापाशी हजर. “सर, प्रेसवाला आला?”

“कशाला?”

“ते पुस्तक... इंदुबाईंचं.”

“कुठलं पुस्तक?” सर म्हणाले.

आधी मला वाटलं ते थट्टा करतायत. मी हसलेसुद्धा. ते हसले नाहीत. फाइलला दोरी बांधत राहिले.

मी माझ्या टेबलाकडं पळाले. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी माझ्या खणात ठेवली होती. खण ओढला. प्रत होती. उघडली, पान नऊ, लाल चौकट जागच्या जागी. नाकाशी नेली तर शाईचा ओला वास! दीड वर्षापूर्वीचं पुस्तक आणि शाईचा वास. काल इंदुबाईंना दाखवलेल्या प्रतीलाही तोच वास होता, आणि माझ्या मेलीच्या लक्षात आलं नव्हतं.

मी परत सरांपुढे उभी राहिले.

“सर, तुम्ही पुन्हा छापून घेतलंत. जुनी तारीख घालून. माझ्या खणातली प्रतही बदललीत.”

“दार लोट,” ते म्हणाले.

मी दार लोटलं.

“छापखान्याचं गणित सोळा-सोळा पानांचं असतं, तुला ठाऊक आहे. तुझी वीस पानं झाली होती. मालक म्हणाले सोळात बसवा. आणि ते लाल चौकटीचं बघून म्हणाले, गिऱ्हाईक दुकानातच घाबरेल. तू बहिणीच्या लग्नाला रजेवर होतीस. मी चार पानं काढली.”

“तुम्ही काढलीत? स्वतः? पहिले तीन मुद्दे काढून चौथा ठेवलात?”

“घाईत झालं ते. हाताने मोकळा करा, त्यात मला वावगं दिसलं नाही तेव्हा. माणूस मशीन बंद करूनच हात घालणार, असं धरून चाललो.” त्यांचा आवाज खाली आला. “आणि हेमांगी, छापून आल्यावर तू तरी पान नऊ उघडलंस का?”

नव्हतं उघडलं. तेवढं मात्र खरं होतं. मी शेवटचं पान उघडलं होतं, स्वतःचं नाव बघितलं होतं, चारचौघांना दाखवलं होतं आणि पुस्तक खणात टाकलं होतं.

“मग मला का पाठवलंत त्या बाईकडं?” मला रडू फुटलं होतं, पण मी विचारलंच. “सोमवारी जबाबावर माझी सही घेतलीत. काल तो कागद देऊन पाठवलंत. दुसरं कुणीही गेलं असतं!”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“तुला खोटं बोलता येत नाही,” ते म्हणाले. “तू सांगितलंस की ऐकणाऱ्याला पटतं. मालकांना मीच सुचवलं, हिला पाठवू.”

एखाद्यानं तोंडात मारली असती तर परवडलं असतं. ज्या माणसानं मला वाचकाच्या शेजारी उभं राहायला शिकवलं, त्यानं माझ्या खरेपणाचा भाव करून मला त्याच वाचकाच्या अंगावर सोडलं होतं.

“पुस्तक द्या सर. ते पूजेतलं आहे.”

“नाही ते आता,” सर म्हणाले. “जुन्या सगळ्या प्रती परत घेतल्यात. सर्व्हिसची माणसं गावोगाव जाऊन नवी देऊन आली. उगीच हट्ट करू नकोस. जबाबावर सही तुझी आहे, पुस्तकावर नाव तुझं आहे.”

अकरा वाजता कृषी कार्यालयात आम्ही एका लांब टेबलाशी बसलो होतो. चौकशीला ढेकणे म्हणून अधिकारी होते, शांत, थकलेल्या चेहऱ्याचे. समोर इंदुबाई आणि सर्जेराव. मी आत आले तशी इंदुबाईंनी माझ्या हातांकडं बघितलं. हात रिकामे होते.

“ताई, माझं पुस्तक?”

मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. उभी राहिले आणि म्हटलं, “साहेब, कंपनीनं तुम्हाला दिलेलं पुस्तक गेल्या आठवड्यात छापलंय. या बाईंना मिळालेल्या पुस्तकात ही सूचना नव्हती. मी काल डोळ्यांनी बघितलं.”

ढेकण्यांनी फाइल चाळली. “वाटवे मॅडम, सोमवारच्या जबाबात तुम्ही म्हणता सूचना होती. ही सही तुमचीच ना?”

“माझीच. तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“ते पुस्तक कुठं आहे?”

“मी... यांना दिलं.”

सरांनी माझ्याकडं बघितलं, इतक्या मायेनं की माझ्या अंगावर काटा आला. “साहेब, मुलगी हळवी आहे. बाईंचा हात बघून तिच्या मनाला लागलंय. असं कुठलं पुस्तक नाही. आमची ही एकच आवृत्ती.”

ढेकण्यांनी पेन उचललं. सर्जेराव बायकोला म्हणाले, “बघितलंस? सर्व्हिसची माणसं मागाया आली तवा न्हाई दिलंस, आन ह्यांच्या हातात दिलंस.”

तेव्हा इंदुबाई बोलल्या. “सायेब, म्या म्हणून दावू का?”

“काय?”

“पुस्तक. पाठ हाय मला.”

ढेकण्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणा.”

इंदुबाईंनी डोळे मिटले, बँडेजचा हात मांडीवर धरला आणि सुरुवात केली. “प्रिय ग्राहक, आपल्या गोठ्यात या यंत्राचे स्वागत आहे. यंत्र सपाट व कोरड्या जागी ठेवा. यंत्राखाली गोणपाट किंवा लाकडी फळी ठेवू नका...”

पोथीच्या चालीत, थोडं हेल काढून. त्यांचं रोजचं ‘न्हाई’, ‘हुतं’ कुठंच नव्हतं. सगळं माझं छापील मराठी, शब्दाला शब्द. मी जिथं स्वल्पविराम टाकला होता तिथं त्या श्वास घेत होत्या. ढेकणे कंपनीच्या प्रतीतून बोट फिरवत निघाले होते. पान दोन, पान तीन. कडबा लावताना पदर खोचा, बांगड्या मागे सारा. पान सहा. एक शब्द चुकला नाही.

पान नऊ.

“चारा अडकल्यास अडकलेला चारा हाताने मोकळा करा,” इंदुबाई म्हणाल्या, आणि न थांबता, “दर आठवड्याला पात्यांना धार लावा. धार लावताना...”

ढेकण्यांचं बोट लाल चौकटीवर थांबलं होतं. इंदुबाई पुढं म्हणतच होत्या, थेट शेवटापर्यंत. “लेखन, हेमांगी वाटवे,” म्हणून त्यांनी डोळे उघडले.

ढेकण्यांनी सरांना विचारलं, “तुमची सर्व्हिसची माणसं जुन्या प्रती परत घेत होती?”

“छे, असं काही नाही,” सर म्हणाले.

“मी सांगते,” मी म्हटलं. “घेतल्यात. पण साहेब, जिथं मशीनबरोबर पुस्तकाचीही पूजा झाली असेल ना, तिथल्या बायकांनी दिलं नसेल. देव्हाऱ्यातलं कोण परत देतं?”

ढेकण्यांनी विक्रीची यादी मागवली आणि आपली माणसं धाडली. तीन दिवसांत पाच पुस्तकं आली. पाचांवर कुंकू होतं, आणि पाचही सोळा पानांची. पुढे कंपनीचं ते मशीन अनुदानाच्या यादीतून काढलं, घरोघरी जाऊन मशीनवर लाल पट्टी चिकटवायला लावली, चूक कंपनीची असं लिहून निघालं. मी नोकरी सोडली. सर पुढं एकदा भाजी बाजारात समोर आले, मी कोथिंबिरीची जुडी तशीच टाकून दुसऱ्या गल्लीत शिरले.

त्या पाचांतलं एक पुस्तक ढेकण्यांकडून मागून घेतलं आणि दोन महिन्यांनी इंदुबाईंच्या गावी गेले. बँडेज निघालं होतं. त्या डाव्या हातानं म्हशीला वैरण टाकत होत्या. मला बघून हात धुतले, चहा केला, आत्याबाईंना सांगितलं, “त्या पुस्तकवाल्या ताई आल्यात.”

मी पुस्तक पुढे केलं. “तुमचं नाही मिळालं. माझ्यामुळं गेलं. हे ठेवा त्याच्या जागी.”

त्यांनी मुखपृष्ठ न्याहाळलं. “ह्ये कुणाच्यातरी हातचं कुंकू हाय,” त्या म्हणाल्या. “माझं न्हवं.”

“इंदुबाई, माझ्यावर रागावलात?”

“राग कसला ओ! तुमी उभ्या ऱ्हायला सायबाफुडं. गावात आता मला कुणी हसत न्हाई.” त्यांनी कपात चहा ओतला, बशी माझ्याकडं सरकवली. “पर ताई, खरं सांगू? दूध काढायचं मशीन आलंय परवा, त्येच्यासंगं बी पुस्तक आलंय. मी दुकानदाराला म्हटलं, तू हितं उभा ऱ्हा आन मला करून दाव. मी आता वाचत न्हाई.”

“पोथी?” मी विचारलं.

“ती बी आत्याबायस्नी शेजारची वाचून दावती,” त्या म्हणाल्या, आणि चहा निवतोय म्हणून मला आठवण केली.

मी चहा प्यायले. जाताना पुस्तक तिथंच ओट्यावर ठेवलं होतं. फाटकापर्यंत पोचते तोवर इंदुबाई मागून आल्या आणि त्यांनी ते माझ्या पिशवीत परत घातलं.